झाशीच्या अलीकडचं मेलबर्न

"माही पोर ना? झाशीच्या थोडी अलीकडे दिली."

वामन आबांनी पहिल्याच भेटीत मला हे सांगितलं. मी त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने बघायला गेले होते. बँकेने मला धुळ्याहून उचलून रावेर तालुक्यातल्या या केळीच्या गावात आणून टाकलं होतं. शाखेतला शिपाई म्हणाला, "आबांकडे जा मॅडम. बायको वारली, एकच मुलगी, ती लांब असते. माडी रिकामीच आहे." झाशी ऐकून मी सहज विचारलं, "जावई रेल्वेत आहेत का?"

"नही. कॉम्प्युटरमधी."

झाशीत कॉम्प्युटरमधलं एवढं काय असतं, असा विचार करत मी आत गेले. पाणी द्यायला आबांनी फ्रिज उघडला, तर फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाचा एक कांगारू चिकटवलेला. शेजारी फोटो. एक हसरी मुलगी, मागे समुद्र, पांढरे पक्षी. झाशीला समुद्र नाही एवढा भूगोल मला येत होता.

"ही कोण?"

"हीच माही निलू. मेलबर्नले हाये. ऑस्ट्रेलियात."

"तुम्ही तर झाशी म्हणालात."

"झाशीच्या अलीकडे म्हनलं," आबांनी मला दुरुस्त केलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हाताऱ्याच्या डोक्यावर थोडा परिणाम झालेला दिसतो, असं माझ्या मनात आलं. पण खोल्या हवेशीर होत्या आणि खिडकीतून केळीची बाग दिसत होती. मी त्याच संध्याकाळी सामान आणलं.

हळूहळू उलगडा झाला. तरुणपणी आबा केळीने भरलेल्या रेल्वेच्या वाघिणींबरोबर दिल्लीला जात. गावच्या केळी उत्पादकांचा माणूस म्हणून माल सांभाळत न्यायचा, उतरवून द्यायचा आणि मिळेल त्या गाडीने परत यायचं. गार्डच्या डब्यात गोणपाट टाकून ते झोपत. लग्न झालं, बाग वाढली, आणि ते जाणं थांबलं. पण आयुष्यात त्यांनी केलेला लांबचा प्रवास तेवढाच. त्यामुळे रावेर ते दिल्ली हा रूळ त्यांच्या डोक्यात कायमचा टाकला गेला होता आणि जगातलं कुठलंही अंतर ते त्याच रुळावर ठेवून बघत. किलोमीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. "किलोमीटर जागेवर पडून राहते ताई. मानसाले जे लागतात ते तास," ते म्हणत. चार दिवसांत मॅडमची मी ताई झाले होते आणि तुम्हीची तू.

कुठल्याही गावाचं नाव काढलं की ते आधी विचारत, "कितीले पोचते?" तास ऐकले की डोळे अर्धे मिटत, टोपी जरा मागे सरकवत आणि बसल्या जागी थोडे डुलत. गाडी कुठवर गेली ते आत बघून यायचे. मग निकाल लागायचा. माझं धुळं इटारसीला होतं. सावद्याला बस बदल, जळगावला ताटकळ, पुढे रस्त्याचं काम, एवढ्या वेळात केळीची गाडी बरोबर इटारसीला लागे. त्यांची बहीण जिल्ह्यातल्याच पहूरला दिलेली. तिथली बस वेळेवर कधीच मिळत नसल्यामुळे पहूर खंडव्याच्या पुढे गेलं होतं. एकदा कसल्याशा दाखल्यासाठी त्यांना एका कचेरीत सारखं खेपा घालायला लावलं, तेव्हा संध्याकाळी पायरीवर बसून म्हणाले, "ताई, हे हापिस काही दिल्लीच्या अलीकडे नही बा."

शनिवारी मी धुळ्याला निघाले की आबा दारातून विचारत, "चालली का इटारसीले?" पहिल्यांदा राग आला. नंतर मीच आईला फोनवर "इटारसीला येतेय" असं सांगून बसले, आणि तिला वाटलं बँकेने पुन्हा बदली केली.

मेलबर्न झाशीच्या अलीकडे कसं आलं, त्याची मात्र एक वेगळी गोष्ट आहे. निलूच्या तिकिटाची छापील प्रत आबांकडे होती. मुंबईहून दुपारी बाराला विमान निघालं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिकडे उतरलं. आबांनी बोटं मोजली. अठरा तास, म्हणजे आग्रा. परतीच्या वेळा मोजल्या तर जेमतेम आठ तास. म्हणजे भोपाळ! दुसरा कोणी असता तर छापण्यात चूक झाली म्हणाला असता. आबांना त्यात काहीच चुकलेलं दिसलं नाही.

"सासरी जाताना आग्रा, माहेरी येताना भोपाळ. बरोबर हाये. पोरीले माहेर जवयच लागते. मधलं धरलं त झाशीच्या अलीकडे."

हे त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. गल्लीतल्या बायकांनाही ते पटलं होतं. निलूच्या आईची एक मैत्रीण तर म्हणाली, "माह्या माहेराचं बी असंच हाये." त्यामुळे मी जेव्हा घड्याळातला फरक समजावून सांगायला लागले तेव्हा माझ्या बाजूने कोणीच नव्हतं. तिकडे सूर्य आधी उगवतो, त्यांची घड्याळं आपल्या पुढे असतात, म्हणून जाताना तास जास्त दिसतात आणि येताना कमी. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग खरे किती?"

मी मोबाइलवर शोधलं. दोन विमानतळांची नावं घातली की एक पान उघडतं. निळ्या समुद्रावर एक वाकडी रेघ, खाली अंतर, खाली उड्डाणाचा वेळ. अंतर दहा हजार किलोमीटरच्या घरात होतं. मी ते वाचायला लागले तर आबांनी हात हलवला. "ते राहू दे. खालचं सांग."

"साधारण साडेबारा तास."

आबांचे डोळे मिटले. थोडं डुलणं झालं. नर्मदा गेली असावी, भोपाळ गेलं असावं. मग त्यांनी डोळे उघडले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मी पुढचं काही बोललेच नाही. "झाशीच्या अलीकडे. म्हनलं व्हतं ना! ललितपूर सुटलं, झाशी आली नही. तठी सिग्नलले गाडी उभी राहे आमची." मला वाटतं, आबांच्या मनात निलू पहिल्यापासूनच त्या सिग्नलपाशी कुठेतरी घर करून राहत होती. मोहरीची शेतं, एखादं बाभळीचं झाड, आणि त्यापलीकडे मेलबर्न.

निलू एकदा आली तेव्हा मी तिथे होते. गव्हाळ, बापासारखीच उंच, बोलताना मध्येच थांबणारी. ती यायच्या आधी आबा बागेत फिरून एक घड हेरत. हे त्यांच्याकडूनच मला कळलं, की जवळच्या बाजाराचा घड झाडावर पुरता भरू देतात, केळांच्या कडा गोल होईपर्यंत. लांबचा मात्र कडा दिसत असतानाच, कोवळाच कापतात, नाहीतर वाटेत पिकून वाया जातो. निलूसाठीचा घड ते अगदी शेवटपर्यंत झाडावर ठेवत. ती आली की दुसऱ्या दिवशी तो पिवळा होई, आणि बापलेक पायरीवर बसून एक अक्षर न बोलता केळी खात.

मुंबईहून तिचं विमान सुटलं त्या दिवशी दुपारी आबा गच्चीवर खाट टाकून बसले होते. रविवार होता, मी कपडे वाळत घालत होते. जरा वेळाने ते म्हणाले, "बऱ्हानपूर."

रावेरहून दिल्लीकडे निघालं की लागणारं पहिलं मोठं स्टेशन. मी वळून बघितलं. ते डुलत होते.

खूप वेळाने, मी कपडे काढायला गेले तेव्हा, "खंडवा. अठी पानी भरून घ्या लागते." ऊन कलल्यावर इटारसी आली. "अठी गाडी भलती थांबे. चहा घेईन आता पोर." मी खरं तर हसणार होते. विमान त्या वेळी कुठल्या समुद्रावर असेल, खाली किती पाणी असेल, हे मी त्यांना मोबाइलवर दाखवू शकले असते. पण त्या पिवळ्या उन्हात, समोर केळीची पानं सावकाश हलत असताना, मलाही वाटायला लागलं की इटारसीचा फलाट इथेच बागेपलीकडे आहे आणि निलू खिडकीतून हात बाहेर काढून मातीच्या कुल्हडातला चहा घेतेय.

मग आबा उठले. जिना उतरून अंगणातल्या सिमेंटच्या हौदापाशी गेले. खिशातून एक नाणं काढून त्यांनी कपाळाला लावलं आणि पाण्यात सोडलं.

"काय आबा?"

"नर्मदा लागली ना," ते म्हणाले. "पुलावर गाडी आली की आम्ही टाकत जाऊ. ती कोठी टाकीन? म्हनून मी टाकतो." हौदाच्या तळाशी आणखी नाणी होती. निलू जितक्या वेळा गेली-आली तितकी.

पुढची स्टेशनं ते अंथरुणात पडल्या पडल्या मोजत. सकाळी निलूचा पोचल्याचा निरोप येई.

निलूला दिवस गेले तेव्हा आबांनी गल्लीत पेढे वाटले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तिला डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून सांगितलं. ती रोज फोन करायची, "आबा, तुम्हीच या." आई नव्हती, तिला कोणीतरी आपलं हवं होतं. जावयाने आबांचा व्हिसा आधीच काढून ठेवला, तिकीट केव्हाही काढतो म्हणाला. आबांच्या सबबी सुरू झाल्या. बागेचं ठिबक बिघडलंय, गुडघा दुखतो, पुरुषमाणसाने बाळंतिणीच्या घरी जाऊन करायचं काय. गावातले लोकही हसत. "आबा डिंकाचे लाडू वयनार का?" असं पारावर कोणी विचारलं, तर आबाही हसले. पण घरी आले की हौदापाशी जाऊन बसत.

एका संध्याकाळी मी त्यांना सरळच झापलं. म्हटलं, "झाशीच्या अलीकडे पोर आहे म्हणता आणि तिने एवढं बोलावूनही जात नाही. झाशीला जायला काय होतं?"

आबांनी हौदाकडे बघितलं. मग म्हणाले, "ताई, तुले वाटते माले समजत नही? दहा हजार किलोमीटर त तूच वाचलं व्हतं. माले आयकू आलं."

ते पायरीवर बसले.

"आता ती झाशीले हाये. मनात आलं त उद्या गाडीत बसून जाऊ शकतो, असं वाटते. रोज वाटते. म्हनून झोप लागते. मी एकदा विमानात बसलो, त माले कयीन ना किती दूर हाये ते. मंग मी अठी येऊन राहू कसा?"

मी त्यांच्याशेजारी बसले.

बाळ वेळेच्या बरंच आधी झालं. जावयाचा फोन आला तेव्हा सकाळ होती, मी बँकेत निघाले होते. मुलगी आहे, फार लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय, निलू रडतेय. आबांनी फोन कानापासून दूर धरला, जणू त्यातून येणारं सगळं एकदम ऐकवत नव्हतं. नंतर माझ्याकडे बघून म्हणाले, "कवया आला ताई माल. लांबून आला म्हनून कवया असीन." आणि लगेच, "निलूले बी मी कवयीच धाडली. सतरा वरसाची व्हती, पुन्याच्या वसतिगृहात ठेवून आलो. लांब जायची व्हती ना. तिची माय नको म्हने." ते टोपी काढून हातात धरून उभे होते. त्यांना टोपीशिवाय मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"तिकीट काढ म्हना जावयाले," ते म्हणाले.

जळगावहून मुंबईला जाणारं लहान विमान होतं. मी रजा टाकून जळगावपर्यंत सोबत गेले. जळगावच्या अलीकडचं नशिराबाद मागे पडलं तसे आबा पुन्हा पुन्हा टोपी नीट करायला लागले. नवा सदरा, पांढरी टोपी, एक पेटी, पेटीत गल्लीतल्या बायकांनी दिलेली झबली. विमानतळाच्या दाराशी शिपायाने तिकीट मागितलं. आबा मागे वळले.

"ताई, निलूसाठी स्टेशनं मी म्हनत व्हतो. माह्यासाठी कोन म्हनीन?"

"मी म्हणेन आबा."

"नर्मदा इसरू नको."

नाही विसरणार, म्हणाले. ते आत गेले. काचेतून त्यांची टोपी थोडा वेळ दिसली, मग दुसऱ्या टोप्यांत मिसळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईहून त्यांचं मोठं विमान सुटलं असं जावयाने कळवलं. मी बँकेतून लवकर निघाले. गच्चीवर जाऊन खाटेवर बसले. आजूबाजूला कोणी नाही हे बघून "बऱ्हाणपूर" म्हटलं. स्वतःचीच लाज वाटली. "खंडवा" म्हणताना कमी वाटली. इटारसीला मी खरोखर चहा करून घेतला. समोरची बाग निळसर होत चालली होती आणि पानांचा आवाज लांबून येणाऱ्या गाडीसारखा लागत होता. आबा कुठे असतील, पाण्यावर, ढगात, कुणास ठाऊक. पण माझ्या डोळ्यांपुढे ते गार्डच्या डब्यात गोणपाटावर बसलेले होते, तरणेबांड, आणि डब्याबाहेर मध्य प्रदेशातला काळोख व्हायला आला होता. मी खाली उतरले. नाणं कपाळाला लावलं आणि हौदात सोडलं. धुळ्याच्या शिकलेल्या घरातली मी, नदी नसलेल्या ठिकाणी नदीला हात जोडून उभी होते.

सकाळी निरोप आला. "आबा पोचले."

बाळ जगलं. हळूहळू बाळसं धरलं, पेटीतून बाहेर आलं. निलू फोटो पाठवायची. एका फोटोत आबांच्या दोन तळव्यांवर ते मावलं होतं आणि आबा त्याच्याकडे घड पारखताना बघत तसे बघत होते.

तीन महिन्यांनी आबा परतले. सगळे भेटायला आले. आबांनी चॉकलेटं वाटली, नातीचं नाव सांगितलं, तिकडच्या थंडीबद्दल बोलले. पण ते डुलले नाहीत. कोणी पाहुणा आला, त्याने विचारलं, "आबा, पोर कोठी दिली?" मी माडीच्या जिन्यावर होते. मी कान टवकारले.

"ऑस्ट्रेलियात," आबा म्हणाले. "दूर हाये."

त्यानंतर झाशीचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. मी शनिवारी निघाले की "धुयाले चालली का?" एवढंच विचारत. त्यांना वाटत होती ती भीती खरी ठरली होती, आणि जा जा म्हणून मागे लागणारी मीच. तिकडे काय झालं ते विचारायचा मला धीर होत नव्हता. आबा पायरीवर बसलेले असत, केळी खात, आणि डोळे उघडे असत.

मग माझी धुळ्याला बदली झाली. सामान टेम्पोने आधीच गेलं. मला बसवायला आबा गावातल्या बस थांब्यावर आले. बस आली, मी खिडकीशी बसले, ड्रायव्हर चहाला उतरला. आबा खिडकीखाली उभे. ते एकदम बोलायला लागले.

"ताई, विमानात मी सगये स्टेशनं म्हनलो. बऱ्हानपूर म्हनलो, खंडवा म्हनलो. बाजूचा मानूस माह्याकडे पाहे. इटारसी झाली. मंग नर्मदा आली, मी खिशातून नानं काढलं." त्यांनी खिशात हात घातला आणि ते नाणं खरंच बाहेर काढलं. "आन् ती खिडकीच उघडे ना. खाली पाह्यलं त काहीच नही. दिवा नही, पूल नही. टाकू कोठी? हातातच राह्यलं. तवा माले कयलं ताई, हे झाशी नोहे. भलतं दूर हाये. अठी येऊन बी ते हातातच हाये."

"आबा," मी म्हटलं, "तुमचं नाणं मी टाकलं होतं. इथं हौदात. इटारसीला चहा घेतला, मग खाली उतरून टाकलं. कपाळाला लावून."

आबा खिडकीजवळ सरकले. "नर्मदेले?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, विसरू नको म्हणून."

"म्हनलो व्हतो खरा," आबा म्हणाले. "पन तू मॅडम मानूस. माले वाटलं, हो म्हनून सोडलं असीन." हाताच्या उलट्या बाजूने त्यांनी डोळे पुसले, नाक ओढलं, आणि हातातल्या नाण्याकडे बघितलं. "म्हंजे पूल लागला व्हता."

"लागला होता."

"मंग हे कायले लागीन?"

"ठेवा. निलू येणार आहे ना बाळाला घेऊन?"

आबांनी नाणं मुठीत घट्ट धरलं. त्यांचे डोळे अर्धे मिटले. थांब्यावरची गर्दी, रिक्षावाले, केळीने भरलेला एक ट्रॅक्टर, या सगळ्यात उभे असलेले आबा किंचित डुलले.

"दिवाईले येते म्हने," ते म्हणाले. "येताना बी नर्मदा लागतेच."

ड्रायव्हर चढला. बस हलली आणि सावद्याच्या दिशेला, बऱ्हाणपूरकडे पाठ करून निघाली. मी मान बाहेर काढून मागे बघितलं. आबा बसच्या मागे चार पावलं चालत आले होते, मूठ तशीच वर धरलेली. त्यांनी दुसरा हात तोंडाशी नेला आणि सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं ओरडले,

"ताई! बऱ्हानपूर!"